ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं आणि सिस्टिक फायब्रोसिस सापडला : डॉ. डोरोथी अँडरसन यांची गोष्ट

शुगर म्हटलं की आपल्याकडे लगेच काय सांगितलं जातं? गोड बंद करा, भात कमी करा, वजन उतरवा, रोज चाला. घरात एक जरी शुगरवाला माणूस असेल तर हे सगळं पाठ झालेलं असतं.

पण शुगरचाच एक प्रकार असा आहे, ज्यात डॉक्टर याच्या बरोब्बर उलटं सांगतात. भरपूर खा. तूप, लोणी, चीज सोडू नका. वजन कमी झालं तर ती धोक्याची घंटा समजा. आणि खाल्ल्यामुळे साखर वाढत असेल तर खाणं कमी करू नका, इन्सुलिन वाढवू.

हा मधुमेह होतो सिस्टिक फायब्रोसिस नावाच्या जन्मजात आजारात. या आजाराच्या प्रौढ रुग्णांपैकी ४० ते ५० टक्के लोकांना तो गाठतो. पण नव्वद वर्षांपूर्वी असा मधुमेह जवळजवळ दिसतच नव्हता. कारण हा आजार घेऊन जन्मलेलं मूल प्रौढ होईपर्यंत जगतच नव्हतं. या आजाराला वेगळं नावसुद्धा नव्हतं.

ते नाव ज्यांच्यामुळे रूढ झालं, त्या होत्या न्यूयॉर्कमधल्या डॉ. डोरोथी हॅन्सिन अँडरसन. त्यांना खरं तर सर्जन व्हायचं होतं. त्या झाल्या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर. आणि त्या टेबलावरून त्यांनी जे पाहिलं, त्यामुळे पुढे हजारो मुलांचं आयुष्य वाढलं.

लहानपणीच घरचं छत्र गेलं

डोरोथी यांचा जन्म १५ मे १९०१ चा. गाव अ‍ॅशव्हिल, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं. वडील हान्स पीटर अँडरसन मूळचे डेन्मार्कचे, बॉर्नहोम नावाच्या बेटावरचे. ते वायएमसीए या संस्थेत काम करायचे. आई मेरी लुईस मेसन. डोरोथी ही त्यांची एकुलती एक मुलगी.

डोरोथी तेरा वर्षांच्या असताना, १९१४ साली, वडील गेले. आईची तब्येत आधीपासूनच खालावलेली होती. आजारी आईची काळजी घेण्याची जबाबदारी या मुलीवर पडली. मायलेकी व्हरमाँट राज्यातल्या सेंट जॉन्सबरी या गावी राहायला गेल्या. डोरोथी यांचं शालेय शिक्षण तिथे झालं. पुढे त्या मुलींसाठीच्या माउंट होलियोक कॉलेजात दाखल झाल्या. १९२० साली आईही गेली. वयाच्या विसाव्या वर्षाच्या आत डोरोथी एकट्या पडल्या. जवळचं म्हणावं असं नातलग कुणी उरलं नाही.

त्या काळी अशा परिस्थितीतली मुलगी एखाद्या शाळेत शिक्षिका झाली असती, तर कुणाला वावगं वाटलं नसतं. डोरोथी यांनी १९२२ साली प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवली आणि थेट जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरली. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने डॉक्टरकीचं शिक्षण देणाऱ्या मोजक्या नामांकित संस्थांपैकी ही एक.

तिथे त्यांना फ्लॉरेन्स सेबिन यांच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळालं. सेबिन या हॉपकिन्सच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या पहिल्या महिला प्राध्यापक. डुकराच्या मादीच्या प्रजननसंस्थेतल्या रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या यांवर डोरोथी यांनी विद्यार्थिदशेतच संशोधन केलं आणि ते छापूनही आलं. १९२६ साली त्या डॉक्टर झाल्या.

सर्जन व्हायचं होतं, पण...

पदवीनंतर एक वर्ष त्यांनी रॉचेस्टर विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवलं. मग तिथल्याच स्ट्राँग मेमोरियल हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रिया विभागात इंटर्नशिप केली. पुढची पायरी होती निवासी डॉक्टर म्हणून रुजू होण्याची. ती चढल्याशिवाय सर्जन होता येत नाही.

इथे दार बंद झालं. गुण कमी पडले नव्हते, हातही तयार होता. अडचण एवढीच, की उमेदवार बाई होती.

१९२९ साली डोरोथी न्यूयॉर्कला आल्या आणि कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र विभागात संशोधन साहाय्यक म्हणून लागल्या. विकृतिशास्त्र म्हणजे आजाराने शरीराच्या अवयवांत आणि पेशींत काय बदल केले, हे तपासणारं शास्त्र. या विभागात रुग्णाशी बोलणं कमी, सूक्ष्मदर्शकाखाली बघणं जास्त. अंतःस्रावी ग्रंथी आणि स्त्रियांचं प्रजननचक्र या विषयावर काम करून १९३५ साली त्यांनी कोलंबियाची डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी त्यांची नेमणूक कोलंबियाशी जोडलेल्या बेबीज हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजिस्ट म्हणून झाली.

नावाप्रमाणेच हे लहान मुलांचं रुग्णालय. तिथे दगावलेल्या मुलांचं शवविच्छेदन करून मृत्यूचं कारण शोधणं, हे त्यांचं काम होतं.

सीलिअ‍ॅक म्हणून गेलेली मुलं

त्या काळात सीलिअ‍ॅक हे नाव फार सैलपणे वापरलं जायचं. मूल भरपूर खातं पण अंगी लागत नाही, हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं, शौच फिकट, तेलकट आणि घाण वासाचं, अशी लक्षणं दिसली की सीलिअ‍ॅकचा शिक्का बसायचा. खरा सीलिअ‍ॅक आजार गव्हातल्या प्रथिनामुळे होतो, हे डच डॉक्टर विलेम डिके यांनी दाखवून द्यायला अजून बराच अवकाश होता. त्यामुळे वेगवेगळ्या कारणांनी खंगणारी मुलं एकाच नावाखाली मोडायची.

अशाच एका मुलाचं शवविच्छेदन करताना अँडरसन यांना काहीतरी विचित्र दिसलं. मुलाचं स्वादुपिंड नेहमीसारखं मऊ नव्हतं. ते राठ, तंतुमय झालं होतं आणि त्यात बारीक बारीक पोकळ्या होत्या. सीलिअ‍ॅकमध्ये आतडं बिघडतं. मग स्वादुपिंडाची ही दशा का?

दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने अहवालात एक ओळ लिहून पुढचं काम हाती घेतलं असतं. अँडरसन यांनी जुन्या नोंदी उकरायला सुरुवात केली. आपल्या रुग्णालयातल्या आधीच्या शवविच्छेदनांचे अहवाल, जपून ठेवलेले नमुने, इतर डॉक्टरांनी छापलेल्या नोंदी, जे मिळेल ते त्यांनी तपासलं. सीलिअ‍ॅक म्हणून गेलेल्या, न्यूमोनियाने गेलेल्या, जन्मल्यावर काही दिवसांतच आतडं अडकून गेलेल्या मुलांमध्ये त्यांना तसंच स्वादुपिंड पुन्हा पुन्हा दिसत गेलं.

स्वादुपिंडाचे दोन उद्योग

इथे थोडं थांबून स्वादुपिंड म्हणजे काय ते समजून घेऊ. पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

जठराच्या मागे आडवा पडलेला हा अवयव दोन वेगवेगळे उद्योग करतो. पहिला उद्योग पाचकरसाचा. अन्नातली चरबी, प्रथिनं आणि पिष्ट पदार्थ पचवणारे रस इथे तयार होतात आणि बारीक नळ्यांमधून लहान आतड्यात उतरतात. स्वादुपिंडाचा बहुतेक भाग याच कामाला लागलेला असतो.

दुसरा उद्योग इन्सुलिनचा. पाचकरस बनवणाऱ्या पेशींच्या गर्दीत मधूनमधून बेटांसारखे वेगळ्या पेशींचे पुंजके असतात. त्यांना लँगरहान्सची बेटं म्हणतात. त्यातल्या काही पेशी इन्सुलिन बनवतात आणि नळीत न टाकता थेट रक्तात सोडतात. रक्तातली साखर पेशींच्या आत पोहोचवण्यासाठी हे इन्सुलिन लागतं.

अँडरसन यांनी पाहिलेल्या मुलांमध्ये पहिला उद्योग पार बुडाला होता. घट्ट, चिकट स्रावाने नळ्या तुंबल्या होत्या. तुंबलेल्या नळ्यांमागचा भाग फुगून पोकळ्या झाल्या होत्या आणि आजूबाजूच्या पेशी मरून तिथे तंतू माजले होते. इन्सुलिनची बेटं मात्र या पडझडीत बऱ्यापैकी शाबूत दिसत होती. त्यामुळे ही मुलं उपाशी मरत होती, पण मधुमेही नव्हती.

१९३८ चा निबंध

१९३८ साली बालरोगांवरच्या एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकात अँडरसन यांचा दीर्घ निबंध छापून आला. त्यात ४९ मुलांची हकिगत होती. लक्षणं काय होती, मृत्यू कोणत्या वयात झाला, स्वादुपिंडात काय दिसलं, फुप्फुसांत काय दिसलं, हे सगळं एकत्र मांडून त्यांनी दाखवलं की हा सीलिअ‍ॅकचा प्रकार नसून स्वतंत्र आजार आहे. स्वादुपिंडातल्या पोकळ्या आणि तंतू यांवरून त्यांनी त्याला स्वादुपिंडाचा सिस्टिक फायब्रोसिस म्हटलं. सिस्ट म्हणजे पोकळी, फायब्रोसिस म्हणजे तंतू माजणं.

तशा खुणा याआधी कुणालाच दिसल्या नव्हत्या असं नाही. स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ गुइडो फान्कोनी यांनी १९३६ साली अशा काही मुलांचं वर्णन केलं होतं. पण सुट्या नोंदी गोळा करून, पचन आणि फुप्फुसं या दोन्ही बाजू एकत्र जोडून, डॉक्टरांना ओळखता येईल असं पूर्ण चित्र उभं केलं ते अँडरसन यांनी.

त्यांचे सगळेच अंदाज बरोबर ठरले नाहीत. चरबी पचत नाही म्हणून चरबीत विरघळणारं अ जीवनसत्त्व शरीराला मिळत नाही, आणि त्याच्या अभावामुळे फुप्फुसं बिघडत असावीत, असं त्यांना वाटलं होतं. अ जीवनसत्त्वाची कमतरता खरी होती. पण फुप्फुसं बिघडण्याचं मूळ कारण वेगळं निघालं. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबवणारा तोच चिकटपणा फुप्फुसांतही होता.

टेबलावरून वॉर्डाकडे

मेलेल्या मुलांमध्ये आजार ओळखून उपयोग काय? जिवंत मुलात तो ओळखता आला पाहिजे. अँडरसन पॅथॉलॉजिस्ट होत्या, मुलांवर उपचार करणं हे त्यांच्या पदाचं काम नव्हतं. तरी त्यांनी ते अंगावर घेतलं. बालरोगाचं शास्त्र आणि पचनाचं रसायनशास्त्र त्या कामाच्या ओघात शिकत गेल्या.

त्यांनी मुलाच्या तोंडातून बारीक नळी लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत उतरवून तिथला रस काढायला आणि त्यात स्वादुपिंडाचे पाचकरस आहेत की नाहीत हे मोजायला सुरुवात केली. रस नसेल तर निदान पक्कं. चाचणी त्रासदायक होती, पण मूल जिवंत असताना उत्तर मिळत होतं.

उत्तर मिळालं की पुढचं ठरत होतं. जनावरांच्या स्वादुपिंडापासून बनवलेली पाचकरसाची पूड, भरपूर प्रथिनांचा आणि कमी चरबीचा आहार, जास्तीचं अ जीवनसत्त्व. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हाती आलं, तेव्हा अँडरसन आणि त्यांचे तरुण सहकारी पॉल दी सांत'आन्येसे यांनी या मुलांच्या फुप्फुसांच्या संसर्गावर ते वापरून पाहिलं. मुलं काही महिने, मग काही वर्षं अधिक जगू लागली.

१९४६ साली रिचर्ड हॉजेस यांच्यासोबत त्यांनी कुटुंबांचा अभ्यास मांडला. हा आजार अनुवंशिक आहे आणि तो अप्रभावी पद्धतीने उतरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक मिळालं तरच मुलाला आजार होतो. आईवडील स्वतः ठणठणीत असतात. असं जनुक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात आजाराची शक्यता चारात एक. ज्यांची दोन-तीन मुलं पाठोपाठ गेली होती, अशा घरांना आपलं काय चुकलं या प्रश्नाचं उत्तर यातून मिळालं. चुकलं काहीच नव्हतं.

न्यूयॉर्कचा तो कडक उन्हाळा

ऑगस्ट १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. उन्हाने गळून गेलेली मुलं रुग्णालयात येऊ लागली. अशा मुलांमध्ये सिस्टिक फायब्रोसिसची मुलं प्रमाणाबाहेर जास्त आहेत, हे वॉल्टर केसलर आणि अँडरसन यांच्या लक्षात आलं. १९५१ साली त्यांनी ते छापलं.

हा धागा दी सांत'आन्येसे यांनी पुढे नेला. १९५३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या मुलांच्या घामात मीठ खूप जास्त असतं. उन्हात घाम गेला की शरीरातलं मीठ संपून मूल कोसळायचं. घामाच्या याच खारटपणावर आधारलेली सोपी आणि सुरक्षित चाचणी १९५९ साली आली. आजही सिस्टिक फायब्रोसिसचं निदान मुख्यतः घामातलं क्लोराइड मोजूनच होतं. आतड्यात नळी उतरवण्याची गरज उरली नाही.

राख, करवत आणि डोंगरातलं घर

अँडरसन यांच्या कामावर फार कुणी बोट ठेवू शकलं नाही. त्यांच्या राहणीवर मात्र अनेकांनी ठेवलं. केस विस्कटलेले, कपड्यांकडे लक्ष नाही, प्रयोगशाळेत पसारा आणि हातात सिगारेट, वर तिची लांबलेली राख. नीटनेटक्या, मृदू बाईंची अपेक्षा ठेवणाऱ्यांना त्या खटकायच्या. असाच पसारा एखाद्या पुरुष शास्त्रज्ञाने घातला असता तर लोकांनी त्याला कामात बुडालेला विद्वान म्हटलं असतं.

सुट्टी मिळाली की त्या डोंगर चढायच्या, होडी वल्हवायच्या, सुतारकाम करायच्या. न्यू जर्सीतल्या किटाटिनी डोंगररांगेत त्यांची शेतजमीन होती. तिथल्या घराचं बरंचसं काम त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं, अगदी धुराडंसुद्धा. लग्न त्यांनी केलं नाही. मित्रमंडळी आणि विद्यार्थी यांचा त्या घरी राबता असायचा.

सर्जनना शिकवणाऱ्या बाई

बेबीज हॉस्पिटलमध्ये आल्यापासून अँडरसन यांनी जन्मजात दोष असलेली लहान मुलांची हृदयं जपून अभ्यासायला सुरुवात केली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हृदयावरच्या शस्त्रक्रियेत नवी पावलं पडू लागली, तेव्हा सर्जनना हृदयाची घडण नीट समजावून सांगणारं कुणीतरी हवं होतं. त्यासाठीचं प्रशिक्षण अँडरसन यांनी तयार केलं. ज्या शाखेने त्यांना आत घेतलं नव्हतं, त्याच शाखेचे लोक आता त्यांच्याकडून शिकत होते.

१९५६ साली त्यांनी आणखी एक दुर्मीळ आजार वर्णिला. आपलं शरीर जास्तीची साखर यकृतात ग्लायकोजेन या रूपात साठवून ठेवतं. एका कुटुंबातल्या मुलाच्या यकृतात हा साठा विचित्र घडणीचा होता आणि त्यामुळे यकृत निकामी झालं होतं. ग्लायकोजेन साठ्याच्या आजारांमधला हा चौथा प्रकार आजही अँडरसन यांच्या नावाने ओळखला जातो.

१९५२ साली त्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९५८ साली पूर्णवेळ प्राध्यापक. सिस्टिक फायब्रोसिसवरचा तो निबंध छापून तोवर वीस वर्षं झाली होती.

मुलं मोठी झाली आणि नवा प्रश्न आला

सिस्टिक फायब्रोसिसवरच्या त्यांच्या अखेरच्या कामाचा विषय पाहिला की वर्तुळ लक्षात येतं. १९५९ साली दी सांत'आन्येसे यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला निबंध तरुण वयातल्या रुग्णांविषयी होता. पाळण्यातच जाणारी मुलं आता कॉलेजच्या वयाची झाली होती.

आणि याच काळात स्वादुपिंडाचा दुसरा उद्योगही धोक्यात आल्याचं दिसू लागलं. बोस्टनचे हॅरी श्वाकमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९५५ साली या आजारातल्या मधुमेहाची नोंद केली.

कारण समजायला अवघड नाही. पाचकरसाचा भाग लहानपणीच तंतूंनी भरून जातो. बेटं सुरुवातीला तग धरतात. पण वर्षानुवर्षं आजूबाजूला दाह आणि पडझड सुरू राहिली की त्यांचीही संख्या घटत जाते. उरलेल्या पेशी इन्सुलिन बनवतात, पण थोडं आणि उशिरा. त्यात फुप्फुसांचा संसर्ग उफाळला किंवा स्टेरॉइड द्यावं लागलं की शरीराची इन्सुलिनची गरज एकदम वाढते आणि गाडी कोलमडते. वय वाढेल तसा धोका वाढतो. किशोरवयात सुमारे पाचातल्या एकाला, प्रौढपणी जवळजवळ निम्म्यांना हा मधुमेह होतो.

तो आपल्याला माहीत असलेल्या दोन्ही प्रकारांहून वेगळा आहे. लहानपणी होणाऱ्या पहिल्या प्रकारात शरीर स्वतःच इन्सुलिनच्या पेशी मारतं आणि इन्सुलिन जवळजवळ शून्यावर येतं. इथे थोडं इन्सुलिन शिल्लक असतं, म्हणून रक्तात आम्ल साचून बेशुद्ध होण्याचा प्रसंग क्वचित येतो. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन असतं पण शरीर त्याला दाद देत नाही, आणि वजन बहुधा जास्त असतं. इथे माणूस आधीच बारीक असतो.

साखर कशी शोधतात, कशी सांभाळतात

या मधुमेहाची सुरुवात गुपचूप होते. उपाशीपोटीची साखर बरीच वर्षं ठीक येते, जेवणानंतरची मात्र चढते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणीही इथे दगा देऊ शकते, खरं प्रमाण असेल त्यापेक्षा आकडा कमी दिसू शकतो. म्हणून वयाच्या दहाव्या वर्षापासून दरवर्षी, तब्येत स्थिर असताना, ग्लुकोजचं पाणी प्यायला देऊन दोन तासांनी साखर तपासावी असा आंतरराष्ट्रीय सल्ला आहे. दोन तासांनंतरचा आकडा २०० किंवा त्याच्या वर गेला, किंवा उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आला, आणि पुन्हा तपासूनही तेच दिसलं, तर मधुमेह धरतात.

वाट पाहणं परवडत नाही, कारण इन्सुलिनचं काम फक्त साखर उतरवणं नाही. स्नायू बांधणं, वजन टिकवणं यासाठीही ते लागतं. इन्सुलिन कमी पडलं की रुग्णाचं वजन घटतं, श्वासाची ताकद कमी होते. निदान होण्याच्या आधीची काही वर्षं ही घसरण सुरू असू शकते. म्हणून इथे उपचार म्हणजे इन्सुलिनच. गोळ्यांवर भागवण्याची शिफारस केली जात नाही.

जेवण कमी करायचं नसतं, इन्सुलिन जेवणाला जुळवायचं असतं. ताटात भात-पोळी किती, त्यानुसार मात्रा ठरते. पाचकरसाच्या गोळ्या प्रत्येक जेवणासोबत घ्यायच्या असतातच. कमी करायचं ते फक्त पोषण नसलेलं गोड, म्हणजे कोल्ड्रिंक, सरबत, साखरेची पेयं. आजारपणात साखर जास्त वेळा तपासावी लागते. डोळे, मूत्रपिंड आणि नसा यांना इतर मधुमेहासारखाच धोका असतो, त्यामुळे निदानानंतर पाच वर्षांनी त्यांची दरवर्षी तपासणी सुरू करतात. मात्रा आणि आहार दोन्ही आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचे, कारण दोन रुग्णांचं गणित सारखं नसतं.

त्यांच्यानंतर

डोरोथी अँडरसन ३ मार्च १९६३ रोजी न्यूयॉर्कमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेल्या. वय ६१. मुलांच्या फुप्फुसांसाठी झटलेल्या या बाईंना आयुष्यभराची सिगारेट नडली.

त्यांनी सांगितलेला एक उपाय पुढे बदलावा लागला. चरबी पचत नाही म्हणून चरबी कमी द्यायची, हे त्यांच्या काळात शहाणपणाचं होतं. पण १९७० च्या दशकात कॅनडातल्या टोरांटोच्या डॉक्टरांनी उलट वाट धरली. चरबी भरपूर द्यायची आणि ती पचवायला पाचकरसाच्या गोळ्याही भरपूर द्यायच्या. १९८८ साली टोरांटो आणि बोस्टनमधल्या रुग्णांची तुलना छापून आली. बोस्टनमध्ये मध्यक आयुर्मान २१ वर्षं होतं, टोरांटोत ३०. टोरांटोचे रुग्ण उंचपुरे होते, पुरुष रुग्ण वजनदारही होते. आज या मधुमेहातही तूप-लोणी सोडू नका असं सांगतात, त्याची मुळं इथे आहेत.

१९८९ साली सातव्या गुणसूत्रावरचं दोषी जनुक सापडलं. लॅप-ची त्सुई, फ्रान्सिस कॉलिन्स आणि जॅक रिऑर्डन यांच्या चमूंनी ते शोधलं. हे जनुक पेशीच्या पडद्यावर क्लोराइड ये-जा करणारी वाट बनवतं. वाट बिघडली की घाम खारट होतो आणि आतले स्राव चिकट. स्वादुपिंड, फुप्फुसं आणि तो कडक उन्हाळा, सगळ्याचं मूळ एकच निघालं. २०१२ पासून या वाटेचीच दुरुस्ती करणारी औषधं येऊ लागली आणि २०१९ साली आलेल्या तीन औषधांच्या एकत्र गोळीने अनेक रुग्णांचं आयुष्य पालटलं. काहींची इन्सुलिनची गरजही कमी झालेली दिसते. पण एकदा नष्ट झालेली बेटं या गोळ्यांनी परत उगवत नाहीत, म्हणून वार्षिक तपासणी चुकवून चालत नाही.

भारतात हा गोऱ्यांचा आजार म्हणून बरीच वर्षं सोडून दिला गेला. तो आपल्याकडेही आहे, हे आता डॉक्टरांना माहीत आहे. पण घामाची चाचणी सगळीकडे होत नाही, आणि वारंवार छाती भरणारं, खाऊनही न वाढणारं मूल कुपोषित किंवा क्षयाचं समजलं जाऊ शकतं. मुलाचा पापा घेतल्यावर खारट लागतं, शौच तेलकट होतं, वजन वाढत नाही, खोकला हटत नाही, अशा खुणा एकत्र दिसल्या तर बालरोगतज्ज्ञांना घामाच्या चाचणीबद्दल जरूर विचारा.

अँडरसन यांच्याकडे जनुकाची माहिती नव्हती, घामाची चाचणी नव्हती, सर्जनचं पदही नव्हतं. त्यांच्याकडे होते जुने अहवाल, काचपट्ट्या आणि एक न पटलेलं निदान. मूल सीलिअ‍ॅकने गेलं, हे उत्तर त्यांनी मान्य केलं नाही. आज चाळिशीतला एखादा रुग्ण जेवणाआधी इन्सुलिनची मात्रा मोजतो. त्याच्या वाट्याला हा मधुमेह आला, कारण तो चाळिशीपर्यंत पोहोचला. आणि तो पोहोचला, त्याची सुरुवात १९३८ च्या त्या ४९ मुलांपासून झाली.